आधी कोणता प्रश्न

आमची जीप गावात शिरली की गावातले पुरुष उसात शिरायचे. शहात्तर सालचा हिवाळा होता, नसबंदीच्या मोहिमेचे दिवस, आणि सरकारी जीप दिसल्यावर कुणी ती कुठल्या खात्याची आहे हे बघत थांबत नसे. आम्ही डासांसाठी आलोय, ऑपरेशनसाठी नाही, हे ओरडून सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तरी विश्वास कुणी ठेवला असता? मग आमचे ड्रायव्हर चाचा जीप देवळापाशी उभी करायचे, बॉनेट उघडून उगीचच आत डोकं घालून बसायचे आणि मी एकटी वस्तीकडे चालू लागायचे. एकटी बाई चालत येताना दिसली की निदान बायका तरी दारात थांबत.

मी तेव्हा पंचविशीत होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून हिवतापाचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या सरकारी पथकात मदतनीस म्हणून लागले होते. पथकाचं ऑफिस दौंडला होतं आणि माझं घरही दौंडलाच. वडील रेल्वेत फिटर. आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. तिथल्या बौद्ध घरांतून एवढं शिकलेली मी पहिली मुलगी, म्हणून वडील येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या नोकरीचं सांगायचे. नोकरी नेमकी काय, हे मात्र त्यांना सांगता यायचं नाही. ‘डासांच्या खात्यात आहे,’ एवढंच म्हणायचे.

मी शाळेत असताना हिवताप संपल्यातच जमा होता. फवारणीवाले यायचे, घरभर पांढरं औषध मारायचे, दाराच्या चौकटीजवळ खडूनं तारीख टाकून जायचे. आम्हा मुलांना वाटायचं, हा ताप आता फक्त आजीच्या बोलण्यात उरला. पण सत्तरचं दशक लागलं तसा तो परत आला. आधी एखाद्या घरात, मग आळीत, मग भीमेच्या दोन्ही काठांनी. पावसाळा सरता सरता क्वार्टर्समध्ये भर दुपारी गोधड्या पांघरून माणसं कुडकुडत पडलेली दिसायची. माझे वडील त्यांतलेच एक.

पथकाचे प्रमुख निवृत्तीला आलेले एक डॉक्टर होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. कमी बोलायचे, आणि बोलायचे ते समोरच्याला कामाला लावण्यासाठीच. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं की, पुढच्या हंगामात आपल्याला दोनच प्रश्न हाती घेता येतील. त्याहून जास्त माणसं आपल्याकडे नाहीत आणि जीपही एकच. पहिला प्रश्न वरूनच ठरून आला होता: डी.डी.टी.नं इथले डास अजून मरतात की नाही. दुसरा आम्ही निवडायचा होता, पण एकट्यानं नाही. रेल्वे, पाटबंधारे, साखर कारखाना, आरोग्य खातं, सगळ्यांना एकत्र बसवून अग्रक्रम ठरवायचा होता. ती बैठक संक्रांतीनंतर दौंडला व्हायची होती.

“त्याआधी तुम्ही फिरून या,” सर म्हणाले. “प्रत्येकाला विचारा, हिवतापाबद्दल तुम्हाला काय माहीत नाही? काय माहीत आहे ते विचारू नका, ते सगळे आपणहून सांगतात.”

मी फिरले. रेल्वेचे इंजिनिअर सभ्य गृहस्थ होते, त्यांनी चहा पाजला. यार्डामागच्या पाण्यात डास होतात की गावातल्या नाल्यात होऊन इकडे येतात, हे त्यांना कळायला हवं होतं. पाटबंधाऱ्याच्या साहेबांना कालव्याच्या पाझरापेक्षा शेतकऱ्यांच्या पडक्या विहिरींचा संशय होता. कारखान्याचे शेतकी अधिकारी म्हणाले, ताप बाहेरून येणारे ऊसतोडीवाले आणतात का, एवढं बघा. प्रत्येकाचा प्रश्न खरा होता, पण अशा बेतानं विचारलेला की उत्तर दुसऱ्याच्या हद्दीत निघावं.

माझंही मन स्वच्छ नव्हतं. मी रेल्वेचाच प्रश्न मनात धरून बसले होते. क्वार्टर्समागे इंजिनांच्या पाण्याची डबकी होती, त्यांच्या काठानं मी लहानपणी चालले होते. वडिलांचा ताप मी पाहत होते. दुसरा प्रश्न हाच घ्यायचा आणि आपल्या लोकांचं भलं करायचं, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं आणि सरांपाशीही तेच लावून धरलं होतं.

मग शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या अलीकडे, नदीकाठच्या एका वस्तीवर गेले. डी.डी.टी.च्या चाचणीसाठी जिवंत डास लागत, आणि ते गोठ्यात पहाटे चांगले मिळत. वस्तीवर मोठं बागायतदार घर होतं. घरधनी सोसायटीचे चेअरमन, पंचक्रोशीत सगळे त्यांना आप्पा म्हणत. जीप पाहून आप्पाही उसात गेले होते. ओट्यावर त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत होत्या. पन्नाशीच्या, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

त्यांनी आधी माझं गाव विचारलं, मग कुळ. दौंडची, म्हटलं, आत्या मांडवगण फराट्याला दिली आहे. आत्याचं घर गावात कुठल्या बाजूला, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांना समजायचं ते समजलं. पाणी आलं ते ओट्याच्या कोनाड्यातल्या वेगळ्या पेल्यातून. मी ते प्याले. मला त्या गोठ्यातले डास हवे होते आणि ते मी घेतल्याशिवाय जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गोठ्यात हजर झाले. डास धरायला आमच्याकडे काचेची नळी असे. तिच्या एका टोकाला रबरी नळी, ती तोंडात धरायची, दुसरं टोक भिंतीवरच्या डासावर धरायचं आणि अलगद श्वास ओढायचा. मधे जाळी असते, त्यामुळे डास नळीतच राहतो. मावशी, मी त्यांना मावशीच म्हणू लागले होते, कंदील धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “आन् एखादा गिळला म्हंजी?” मी म्हटलं, जाळी आहे. त्यांनी नळी हातात घेतली, जाळी बोटानं चाचपून पाहिली आणि मगच कंदील पुन्हा वर धरला.

त्या दिवशी चुलीपाशी त्यांची सून दिसली. विशीतली असेल. ओठ, नखं, डोळ्यांच्या कडा सगळं पांढुरकं. मी बरं आहे का विचारलं, तर तिनं सासूकडे पाहिलं. “तिला बरं न्हाई,” मावशी म्हणाल्या आणि तेवढ्यावर बोलणं तोडलं.

बाकीचं मला तिथल्या नर्सबाईंकडून कळलं. सुनेला दिवस गेले होते. पावसाळ्यात तिला दिवसाआड थंडी वाजून ताप यायला लागला आणि तो हटेना. सातव्या महिन्यात ती बाळंत झाली. मूल संध्याकाळपर्यंतसुद्धा राहिलं नाही.

गोळ्या दिल्या नव्हत्या का, मी विचारलं. नर्सबाई दहा-बारा गावं पायी करणाऱ्या, थकलेल्या बाई होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. हिवतापाच्या गोळ्या दोन प्रकारच्या असत. एक पांढरी, कडू, ताप आला की लगेच द्यायची. दुसरी नंतर, रक्तात जंतू सापडले तर. ती दुसरी पोटुशी बाईला द्यायची नाही, असा नियम होता. पण प्रशिक्षणात नर्सबाईंच्या कानांवर पडलं होतं ते एवढंच, की पोटुशीला गोळी देताना जपून. कोणती गोळी, हे सांगणारा पुढच्या विषयावर गेला होता. त्यांनी पांढऱ्या गोळ्या त्या घरी दिल्या होत्या, तेव्हा सासूनं विचारलं, पोटातल्या जिवाला काही होणार नाही ना? नर्सबाई म्हणाल्या, विचारून सांगते. वर विचारलं, तर वरचे सगळे नसबंदीच्या आकड्यांमागे. उत्तर आलंच नाही.

मी दौंडला परतून सरांना हे सांगितलं. पांढरी गोळी पोटुशी बाईला चालते, द्यायलाच हवी, हे वैद्यकाच्या पुस्तकांत कधीचं लिहिलेलं आहे, ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, “मला वाटत होतं, हे सगळ्यांना माहीत आहे.”

त्या संध्याकाळी क्वार्टर्सकडे चालत जाताना माझ्या मनातला रेल्वेचा प्रश्न डळमळला. मला त्याचा रागच आला. आपल्या दारातलं डबकं सोडून, ज्यांच्या घरात आपल्याला वेगळ्या पेल्यातून पाणी मिळतं त्यांच्या सुनेसाठी भांडायचं? पण ती मुलगी डोळ्यांपुढून जाईना. आणि ती एकटी नव्हती. मी मांडवगणला आत्याकडे गेले आणि आमच्या वस्तीतल्या बायकांना विचारलं. तिथंही तेच. ताप अंगावर काढलेला, गोळी मिळाली नाही किंवा भीतीनं घेतली नाही. किती जणी, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मी पुन्हा नदीकाठच्या वस्तीवर गेले. या वेळी डासांसाठी नाही. मावशींना मी सरळ सांगितलं की, पांढरी गोळी चालते. डॉक्टरांना विचारून आले आहे.

त्या हातातलं काम ठेवून बसल्या. गोळ्या त्यांनीच उकिरड्यावर टाकल्या होत्या. गावात बोलवा होती की सरकार मूल होऊ नये म्हणून गोळ्या वाटतंय, आणि नर्सबाईला विचारलं तर तिच्याकडे उत्तर नाही. मग त्यांनी सुनेच्या हातातून पुडी काढून घेतली. हे त्यांनी मला न रडता सांगितलं. सून दाराआडून ऐकत होती. पुडी पुढं उकिरड्यावर गेली, हे तिला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ती पुढं आली आणि सासूशेजारी बसली, एवढं मी पाहिलं.

बैठकीला मावशींनी यावं, असं मी तिथंच म्हटलं. सरांना विचारलेलंही नव्हतं. आप्पांनी आधी नकार दिला. हापिसात बाईमाणसाचं काय काम, लागंल ते मी सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “गोळ्या तुमी टाकल्या का म्या?” एवढंच विचारलं. ठरल्या दिवशी चाचा जीप घेऊन गेले, तेव्हा मावशी, नर्सबाई आणि आप्पा, तिघंही तयार होती.

बैठक एका शाळेच्या हॉलमध्ये होती. साहेब लोक बाकांवर पुढं, आम्ही मागं. सरांनी पद्धत साधी ठेवली होती. प्रत्येकानं आपला प्रश्न मांडायचा आणि मग एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचं: याचं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या दिवशी कोण काय वेगळं करील? पाटबंधाऱ्याचे साहेब प्रामाणिक निघाले. पाझर कालव्याचा ठरला तरी तो बांधून काढायला वर्षं जातील, ते म्हणाले. कारखान्याच्या अधिकाऱ्यांना तोडीवाल्यांची तपासणी कोण करणार आणि कुणाच्या पैशानं, हे सांगता आलं नाही. रेल्वेचे इंजिनिअर मंजुऱ्यांबद्दल बोलले.

मग सरांनी मावशींना पुढं बोलावलं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. पदर सारखा केला आणि सूनबाईचा ताप, गोळ्या, उकिरडा, सगळं क्रमानं सांगितलं. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “मी अडानी हाय. मला ठावं न्हवतं. पर ह्या नर्सबाईलाबी ठावं न्हवतं, आन् तुमच्या बुकात व्हतं. बुकातलं माज्या दारापत्तुर का आलं न्हाई, त्ये शोधा.”

आरोग्य खात्याचे अधिकारी सावरून म्हणाले की हे वाईट झालं, पण हा काही संशोधनाचा विषय नव्हे. सूचना द्यायची बाब आहे. उद्याच परिपत्रक काढू.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. मदतनिसानं अशा बैठकीत बोलायचं नसतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण उभी राहिले. मी म्हटलं, “साहेब, परिपत्रक कुठंपर्यंत पोचतं आणि कुठं अडतं, हेच आपल्याला माहीत नाही. तोच प्रश्न आहे. किती बायकांना गोळी मिळते, किती जणी घेतात, नाही घेतली तर का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि उत्तर मिळालं, तर दुसऱ्या दिवशी या नर्सबाई वेगळं वागू शकतात.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “रेल्वेचा प्रश्न तुम्हीच माझ्याकडे लावून धरला होता,” ते म्हणाले. “त्याचं काय?”

“त्याला संशोधन नको, सर,” मी म्हटलं. “पाणी कुठं साचतं, ते क्वार्टर्समधल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे.”

इंजिनिअर साहेबांचा चेहरा उतरला, आणि तो मी मुद्दामच उतरवला होता. अनपेक्षितपणे पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी आमची बाजू घेतली. बाईंचा प्रश्न आधी घ्या, कालवा कुठं पळून जात नाही, पण पुढच्या खेपेला त्याला विसरू नका, असं ते म्हणाले. दुसरा प्रश्न ठरला.

घरी वडिलांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. क्वार्टर्सचं काम यंदा होणार नाही आणि ते मीच मागं टाकलं, हे ऐकून त्यांचा घास थांबला. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मग आमी काय करायचं?” मी म्हटलं, पाण्यावर जळकं ऑईल टाकलं तरी अळ्या मरतात. शेडमध्ये ते पडलेलंच असतं. दोन दिवसांनी वडील आणि त्यांचे शेडमधले सोबती डबे घेऊन यार्डामागे गेले. इंजिनिअर साहेबांना ते कळलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन माणसं आणि खडीची एक ट्रॉली पाठवून दिली. सगळी डबकी बुजली नाहीत, पण घरांजवळची बुजली.

पावसाळा लागला आणि आमचं काम सुरू झालं. एव्हाना आणीबाणी उठली होती, निवडणूक होऊन गेली होती, आणि आमची जीप पाहून उसात पळणारं कुणी उरलं नव्हतं. तरी घराघरात शिरून पोटुशी बायकांना तापाबद्दल विचारणं सोपं नव्हतं. मोहिमेनं एवढं भेदरवलं होतं की दिवस गेल्याचं सरकारी माणसापुढं कुणी कबूल करेना. नर्सबाईंनी यावर तोड काढली. त्या आधी मावशींना घेऊन जायच्या. मावशी कुणाच्याही चुलीपर्यंत जाऊन बसायच्या आणि स्वतःचीच गोष्ट सांगायच्या, प्रत्येक घरात, न कंटाळता. मग बायका बोलायला लागायच्या. आमच्या वस्तीतही त्या आल्या. आत्याच्या घरी चहा झाला, तेव्हा त्यांनी क्षणभर कपाकडे पाहिलं आणि घेतला. घरी परतल्यावर त्यांनी काय केलं, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. कोनाड्यातला पेला मात्र माझ्यासाठी पुढंही येत राहिला, तेही इथं सांगायला हवं.

जे कळलं ते असं. गोळी तीन ठिकाणी अडत होती: नर्सच्या शंकेपाशी, सासूच्या भीतीपाशी, आणि काही घरांत तर नर्स पोचतच नव्हती. तोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, त्यांतल्याच. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय होता. सरांनी सगळ्या नर्सबाईंना बसवून दोन्ही गोळ्या हातात दिल्या, कुठली चालते आणि कुठली नाही हे प्रत्येकीकडून परत म्हणवून घेतलं. तिसरी गोष्ट तशीच राहिली. आणि डी.डी.टी.च्या चाचणीत डास औषधाला पुरून उरत होते, हे उत्तर कुणालाच नको होतं. सरांनी ते जसंच्या तसं वर पाठवलं.

वस्तीवरच्या सूनबाईला पुढच्या वर्षी मुलगी झाली. मधे एकदा ताप आला होता, तेव्हा मावशींनी समोर बसून गोळ्या घ्यायला लावल्या. मुलगी बारीक होती, पण जगली.

सर निवृत्त झाले आणि नवे प्रमुख येईपर्यंत बरंचसं काम माझ्यावर पडलं. पुढच्या हंगामाची बैठक भरवायची होती. मी ती शिरूरला ठेवली, बाजाराच्या दिवशी, म्हणजे बायकांना यायला घरी वेगळं कारण सांगावं लागणार नाही. कारखान्याला पत्र न पाठवता स्वतः गेले आणि तोडीवाल्यांच्या मुकादमाला सोबत आणायचं कबूल करून घेतलं. तिथून निघून कालव्याच्या ऑफिसात गेले. साहेबांची बदली झाली होती, नवे साहेब आले होते आणि त्यांना हिवतापाशी आपला काय संबंध, हे समजत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.